चंपतरावांची जागा

चंपतराव अकरा वाजता "पाट घेऊन येतो" म्हणून घरातून निघाले, ते दीड वाजला तरी परतले नव्हते.

गोपिकाबाई वडाभातासाठी वडे तळत होत्या. तिसरा घाणा कढईत होता. कुणी काही विचारू नये म्हणून त्यांनी पाठ दाराकडे केली होती. तसं या घरात कुणी विचारत नसेच. चंपतरावांना उशीर झाला की माणसं आपापल्या कामात जास्त मन घालत. लेक जयवंता आतल्या खोलीत साडीच्या निऱ्या चौथ्यांदा घालत होती. मधुसूदन मोरीजवळ पितळी तांबे घासत बसला होता, खरं तर ते सकाळीच घासून झाले होते.

चार वाजता जयवंताचं साक्षगंध होतं, लग्न ठरल्याचं कुंकू लागणार होतं. मुलाकडचे पाहुणे उमरेडहून तीनच्या गाडीनं उतरणार होते.

बावीस दिवस चंपतरावांनी घेतली नव्हती. तारीख ठरली त्या संध्याकाळी त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, शपथ घेतली नाही. फक्त लाकूड चिरायच्या आरा मशीनवरून थेट घरी आले आणि मुगाची खिचडी मागितली. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. रविवारी ते मशीनच्या आवारात सागाच्या फळ्या घासत बसायचे. नवऱ्या मुलाला आणि त्याला कुंकू लावणाऱ्या मुलीच्या बापाला बसायला दोन पाट ते स्वतः करत होते, कडेला वेल कोरलेले. नागपूरच्या लकडगंज बाजारात चंपतरावांसारखा लाकूड ओळखणारा मिस्त्री नव्हता. ओंडक्याला नाक लावून ते सांगत, हे झाड उभं असतानाच आतून पोकळ होतं. बावीस दिवस घरातल्या प्रत्येकानं मनातल्या मनात मोजले, आणि मोजतो आहोत हे एकमेकांना कळू दिलं नाही.

"मधू," कढईवरची नजर न काढता गोपिकाबाई म्हणाल्या, "जरा पाहून येतं का गा?"

मधुसूदननं तांब्या पालथा घातला. तो एकोणीस वर्षांचा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. गेली तीन वर्षं तो वडिलांशी बोलत नव्हता. मॅट्रिकच्या परीक्षेच्या शेवटच्या दिवशी चंपतराव केंद्राच्या फाटकापाशी पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते, पाय ठरत नव्हते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माह्या लेकाचा पेपर आहे, माहा लेक इंजिनिअर होइन," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. मारलं असतं तर मधुसूदन विसरला असता. ते प्रेम त्याला विसरता आलं नव्हतं.

"मी नाही जात," तो म्हणाला. मग चपला घातल्या आणि गेला.

*

आरा मशीन बंद होतं. मालकानं दुपारची सुट्टी दिली होती. आवारात ओंडके रचलेले, जमिनीवर पावलं बुडतील एवढा भुसा. दोन ओंडक्यांच्या मधल्या सावलीत चंपतराव बसलेले मधुसूदनला दिसले. पाट दोन्ही मांडीवर होते, त्यावर त्यांनी दोन्ही हात पसरून ठेवले होते, कुणी नेऊ नये अशासारखे.

शेजारी दोन कामगार होते. एकजण मधुसूदनला पाहून उठला.

"त्यानं नाहीच म्हणलं होतं, भाऊ. आम्हीच जबरदस्ती केली. पोरीचं साक्षगंध म्हटल्यावर तोंड तरी गोड करा लागते ना. एकच म्हणलं होतं."

"अन मंग?"

कामगारानं पायानं भुसा सरकवला.

"मधू," चंपतरावांनी मान वर केली. त्यांना बोलायला वेळ लागत होता. "मले उठता येऊन नाही राहिलं, बेटा. मी दोनदा पाहिलं उठून."

मधुसूदन तसाच उभा राहिला. रस्ताभर त्यानं बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. इथे आल्यावर त्याला फक्त वडिलांच्या धोतरावर सांडलेला भुसा दिसला, आणि नवीन टोपी, काल आईनं आणलेली, ओंडक्यावर नीट काढून ठेवलेली. डाग पडू नये म्हणून काढली असणार.

त्यानं पाट एका खांद्यावर घेतले. दुसऱ्या हातानं वडिलांचं मनगट धरलं.

"चला," तो म्हणाला.

"तू बोलला माह्याशी."

"चला म्हणून राहिलो. पाहुणे येतात."

गल्लीबोळांतून तो त्यांना घेऊन आला. चंपतराव वाटेत एकदाच थांबले आणि म्हणाले, "जयाले काय सांगू रे मी?" मधुसूदननं मनगट सोडलं नाही.

*

ते मागच्या दारानं पोचले तेव्हा पुढच्या खोलीत पाहुणे येऊन बसले होते. एक गाडी आधीच मिळाली म्हणे.

मागच्या अंगणात रुपराव उभे होते. चंपतरावांचे हे थोरले भाऊ, मौद्याजवळच्या गावात शेती करणारे, मुलांचे मोठेबाबा. काल ते तांदळाची थैली आणि नवं धोतर घेऊन आले होते. त्यांनी भावाकडे एकदा पाहिलं, आणि जराही आवाज न वाढवता सगळं हातात घेतलं.

"शोभाताईच्या खोलीत निजव याले. बाहेरून कडी लाव. पाट इकडे आण. मी सांगतलं आहे त्याइले, की चंपत काल मौद्याले गेला अन तथी तापानं पडला. बापाच्या जागी मी बसतो."

"आधीच सांगतलं?" मधुसूदननं विचारलं. "हे यायच्या आधीच?"

"दीड वाजला होता, बाप्पा. मले का माहीत नाही दीड वाजला म्हणजे काय होते ते?"

रुपराव भावासाठी तीस वर्षं खोटं बोलत आले होते. मालकाशी बोलले, सोयऱ्यांशी बोलले, एकदा पोलिसाशीही बोलले. शेत दोघांचं पोट भरेना तेव्हा सोळा वर्षांच्या चंपतला नागपुरात करवतीवर आणून सोडणारे तेच होते. दिवसभर करवत, आणि संध्याकाळी अंग दुखतं म्हणून सगळे जिथे जात तिथे तोही जाऊ लागला. रुपराव दर खेपेला नवं खोटं रचत, आणि दर खेपेला त्यांना वाटे, भावाचं थोडं फेडलं. ही त्यांची माया होती. तिच्यात खोट आहे असं त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

शेजारच्या शोभाताईंनी काही न विचारता खोली उघडली, चटई टाकली. चंपतराव भिंतीला टेकून बसले.

"दादा, मी आत नाही येत," ते म्हणाले. "मी इथंच बसतो. तू बस माह्या जागेवर."

"झोप तू आता," रुपराव म्हणाले, आणि भावाच्या अंगावरचा भुसा त्यांनी हातानं झटकला.

*

"मी सांगणार आहे त्याइले," जयवंता म्हणाली.

स्वयंपाकघरात ती, आई आणि मधुसूदन असे तिघं होते. पुढच्या खोलीतून रुपरावांचं मोठ्यानं हसणं ऐकू येत होतं. ते पाहुण्यांना मौद्याच्या धानाबद्दल सांगत होते. जयवंता चोवीस वर्षांची होती. नगरपालिकेच्या शाळेत तिसरीचा वर्ग शिकवायची. हिरवी साडी तिला शोभत होती, आणि तिनं पदर कामाला निघाल्यासारखा खोचला होता.

"काय सांगणार?" गोपिकाबाईंनी विचारलं.

"बाबा शोभाताईच्या खोलीत आहेत अन प्यालेले आहेत म्हणून. ताप नाही आला त्याइले. मी तिसरीत होती तेव्हा बाईले सांगतलं, बाबाले ताप आहे. आता मी तिसरीले शिकवतो, तरी ताप उतरला नाही आई."

मधुसूदनला हसू आलं, ते त्यानं गिळलं.

"लग्न झाल्यावर कळनच त्याइले," गोपिकाबाई म्हणाल्या. "कोण्या घरी नाही कळत? पण तेव्हा तू त्या घरची असशीन."

"म्हणजे फसवून जाऊ?"

"फसवून नाही वं. झाकून."

"तेच ते."

गोपिकाबाईंनी झारा खाली ठेवला. मुलीकडे नीट पाहिलं. नऊ वर्षांची असल्यापासून ही पोरगी बापाला हाताला धरून घरी आणत होती. बापाला भात कालवून द्यायची, उलटी काढायची, सकाळी त्याच्याआधी उठून मालकाकडे निरोप द्यायची. आई कपडे शिवायला बसे आणि पोरगी घर चालवी. दोन स्थळं तिनं नाकारली होती, एकाचं नाक लांब म्हणून आणि एकाचं गाव दूर म्हणून. उमरेड जवळ होतं. मुलगा मनोहर तिथल्या शाळेत मास्तर होता. त्याच्यात नाव ठेवायला जागा नव्हती. म्हणून तिसऱ्याला ती हो म्हणाली होती.

"जया, एक खरं सांग," गोपिकाबाई म्हणाल्या. "तू खरं बोलाले जाऊन राहिली, का लग्न मोडाले?"

जयवंतानं कढईकडे पाहिलं. कढईतलं तेल शांत होत होतं.

"त्याइनं नाही म्हटलं तर तुले बरंच वाटन," आई हळू बोलत होती. "मंग तुले आम्हाले सोडून जा नाही लागणार. मी तुही माय आहो. मले दिसते."

"मले नाही माहीत," जयवंता म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला. "खरंच नाही माहीत आई. मी गेल्यावर त्याइले कोण आणन?"

"आज कोणं आणलं?" मधुसूदननं विचारलं.

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

"आज मी आणलं ना त्याइले. तू नाही आणलं. तुले वाटते तूच एकटी आहेस काय या घरात?" तो रागानंच बोलत होता, पण डोळे भरले होते. "सांगायचं असन तर सांग. मीबी थकलो ताप ताप म्हणून. पण ते हो म्हणले तर तुले जा लागन. मंग बाबाचं नाव सांगून थांबायचं नाही. आधी हे कबूल कर."

जयवंतानं भावाकडे पाहिलं. हा पोट्टा कधी मोठा झाला, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"कबूल," ती म्हणाली.

गोपिकाबाईंनी मुलीचा खोचलेला पदर सोडवला, डोक्यावरून नीट घेतला. "मंग जाय. पण मोठ्याबाबाच्या तोंडावर चारचौघांत नको सांगू. बुढा मरून जाईन शरमेनं. इनबाईले मागं बोलावतो मी."

*

मनोहरची आई रुखमाबाई हात धुवायच्या निमित्तानं मागच्या अंगणात आल्या. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. बोलणं थोडं आणि पाहणं जास्त. नवरीमुलगी मोरीपाशी एकटीच उभी पाहून त्यांनी हात पुसले आणि थांबल्या.

जयवंतानं सगळं सांगितलं. शाळेतल्या बाईंसारखं, आधीपासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता.

रुखमाबाईंचा चेहरा लाल झाला. "तुह्या मोठ्याबाबानं आताच मले देवाची आण घेऊन सांगतलं, मौद्याले तापानं पडला म्हणून. मी म्हटलं, आपण जाताना पाहून येऊ. तर म्हणते, रस्ता खराब आहे."

"ते बाबाले झाकून राहिले."

"झाकते ते काय, अन उघडं पडते ते काय." रुखमाबाईंनी पुढच्या खोलीकडे एक नजर टाकली. मग त्यांनी विचारलं, "हात उचलते का?"

"नाही. एकदाबी नाही. आईवर नाही, आमच्यावर नाही. रडतात. मंग झोपतात. सकाळी कोणाकडं पाहत नाही."

"अन तू काय करतं?"

"वाढतो त्याइले. कडी वाजली की मले समजते किती घेतली ते. मंग भात गरम कराचा की नाही ते ठरवतो."

"किती वर्साची होती तू?"

"नऊ."

रुखमाबाई मोरीच्या कठड्यावर बसल्या. त्यांना स्वतःचा मुलगा आठवला, नऊ वर्षांचा, अंगणात गोट्या खेळताना हाक मारूनही न येणारा.

"एक इचारतो. उद्या माह्या लेकानं घेतली तर?"

"तर मी त्याले एकदा सांगीन. दुसऱ्यांदा घेतली तर तुमच्या घरात नाही राहणार," जयवंता म्हणाली. "माह्या आईनं केलं ते मी नाही करणार. तुम्हाले हे पटत नसन तर आताच सांगा. वडाभात जेवून जा, आम्ही वाईट नाही मानणार."

रुखमाबाईंना हसू फुटलं. त्यांनी ते लपवलं नाही. "सासूले धमकी देते वं ही तर," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग उठल्या. "कोणती खोली?"

शोभाताईंच्या खोलीची कडी रुखमाबाईंनीच काढली. चंपतराव जागे होते. समोर अनोळखी बाई आणि मागे मुलगी पाहून ते उठायला गेले, जमलं नाही, तेव्हा त्यांनी बसल्या बसल्या दोन्ही हात जोडले.

"इनबाई," ते म्हणाले, "पोरगी चांगली आहे माही. माह्यावर नाही गेली. तुम्ही तिले माह्यावरून नका पाहू."

"पाट तुम्ही केले काय?" रुखमाबाईंनी विचारलं. पाट अंगणात भिंतीला टेकवून ठेवले होते, येताना त्यांनी वेलीवरून हात फिरवून पाहिला होता.

चंपतरावांनी मान हलवली.

"किती दिवस लागले?"

"बावीस," चंपतराव म्हणाले, आणि त्यांना रडू कोसळलं.

रुखमाबाई बाहेर आल्या. दार त्यांनी नुसतं लोटलं. कडी लावली नाही.

*

तोवर पुढच्या खोलीत पाट मांडून झाले होते आणि रुपराव एकावर बसायच्या तयारीत होते. रुखमाबाई येऊन उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"साक्षगंध आज नाही होत," त्या म्हणाल्या.

रुपरावांचा हात टोपीकडे गेला. मधुसूदन दारात उभा होता, त्यानं बहिणीकडे पाहिलं. जयवंताचा चेहरा पांढरा पडला होता, आणि त्याच क्षणी तिला कळलं की हे लग्न मोडावं असं तिला वाटत नव्हतं. तिनं मनोहरकडे पाहिलं. तोही तिच्याकडेच पाहत होता, गोंधळून.

"उद्या सकाळी होईन," रुखमाबाई पुढं म्हणाल्या. "पोरीचा बाप जिता आहे. शेजारच्या खोलीत आहे. आज त्याले बसता येत नाही, तर आपण थांबू. त्याच्या जागी दुसरा काहून बसन?"

त्यांचे यजमान शालिकराम खाटेवर टेकले होते. नागपूरला यायचं म्हणून त्यांनी नवा कोट घातला होता आणि तो त्यांना काचत होता. "थांबू म्हणजे? घरी ढोरं आहेत. दूध कोण काढन?"

"शेजारी काढन. एक दिवस तुम्ही नाही काढलं तर म्हशी मरत नाही."

"अन लोक काय म्हणतीन?"

"लोक जेवून राहिले का आपल्या घरी? मनोहर, तुह्यं काय?"

मनोहरला एवढ्या माणसांत बोलायची सवय नव्हती. त्यानं घसा साफ केला. "उद्या शाळेले उशीर होईन," तो म्हणाला. मग जयवंताकडे बघून, "चालते. चिठ्ठी देईन."

रुपराव खाली बसले. पाटावर नाही, जमिनीवर. "मी खोटं बोललो इनबाई," ते म्हणाले. "माहा भाऊ आहे तो. माह्या हातानं त्याले या शहरात आणून सोडलं मी."

"माहीत आहे तुमचा भाऊ आहे म्हणून," रुखमाबाई म्हणाल्या. "म्हणून तर राग गेला माहा. आता वडाभात वाढा. भूक लागली."

मग सगळे जेवले. वडाभातावर कडकडीत तेलाची फोडणी पडली, आणि शालिकरामांनी कोट काढून ठेवला. आज काय झालं हे कुणी बोललं नाही, पण कुणी लपवतही नव्हतं. शोभाताईंनी गाद्या दिल्या. जयवंतानं चंपतरावांचं ताट वाढून घेतलं, तेव्हा मधुसूदननं ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः नेऊन दिलं.

*

चंपतराव पहाटे उठले तेव्हा तोंडाला कोरड पडली होती आणि हात थरथरत होते. हे पूर्वी रोजचंच होतं. बावीस दिवसांत थांबत आलं होतं, एका दुपारीत परत आलं. त्यांनी नळाखाली डोकं धरलं. गोपिकाबाईंनी गरम पाण्याची बादली आणून ठेवली, शेजारी कोरं धोतर ठेवलं. त्या जायला वळल्या तेव्हा चंपतराव म्हणाले, "तू काही बोलत काहून नाही?"

"काय बोलू?" गोपिकाबाई म्हणाल्या. "साबण डोळ्यात जाईन, नीट धुवा."

आंघोळ झाल्यावर ते मागच्या अंगणात बसले. उजेड पडत होता. रुपराव येऊन शेजारी बसले. इकडेतिकडे पाहून त्यांनी धोतराच्या सोग्याआडून एक छोटी बाटली काढली.

"एक घोट घे. औषधासारखी. हात थांबतीन," ते कुजबुजले. "कुंकू लावाचं आहे, नवा जवाई आहे. चारचौघांत असा हात कापला तर कसं दिसन? मी मुद्दाम आणून ठेवली. घे, कोणी नाही पाहत."

चंपतरावांनी बाटलीकडे पाहिलं. सगळं शरीर तिकडे झुकलं. एक घोट आत गेला की बोटं सुधारतील, आवाज सरळ येईल, पोरीच्या साक्षगंधात ते इतर बापांसारखे दिसतील. हे खरं होतं. भाऊ खोटं बोलत नव्हता.

त्यांनी भावाकडे पाहिलं. रुपरावांच्या डोळ्यांत नुसती माया होती. लहानपणी बांधावर बसून स्वतःच्या भाकरीतला तुकडा पुढे करताना असायची तशीच.

"दादा," चंपतराव म्हणाले, "काल ते बाई माह्यासाठी थांबली. सगळे थांबले."

"म्हणूनच तर."

"माह्यासाठी थांबले ना. हे घेतल्यावर बसन तो मी नाही राहणार." त्यांनी बाटली भावाच्या हातात दाबून परत दिली. दाबताना हात असा कापत होता की काच रुपरावांच्या अंगठीवर वाजत राहिली. "राहू दे दादा. कापू दे हात."

*

सात वाजता सगळे बसले. एका पाटावर मनोहर, समोरच्या पाटावर चंपतराव. मध्ये कुंकवाचं ताट, नारळ आणि कपडे.

ताट उचलतानाच खणखणाट झाला. चंपतरावांनी ते पुन्हा खाली ठेवलं. अनामिका कुंकवात बुडवली. बोट वर नेईपर्यंत अर्धं कुंकू मनोहरच्या पांढऱ्या शर्टवर सांडलं होतं. पहिल्यांदा बोट कपाळाला लागलंच नाही. दुसऱ्यांदा ते नाकाच्या शेंड्याला लागलं. कुठूनतरी बारीक हसू आलं आणि लगेच थांबलं.

जयवंता वडिलांच्या उजव्या बाजूला बसली होती. तिचा हात आपोआप उठला होता, त्यांचं मनगट धरायला. पंधरा वर्षं तो असाच उठत होता. अर्ध्या वाटेवर तिनं तो थांबवला. तिला फार जड गेलं. तिनं तो मांडीवर परत ठेवला आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

मनोहर हलला नाही. नाकावरचं कुंकू पुसलं नाही. "होऊ द्या मामाजी," तो हळूच म्हणाला. "गडबड नाही." आणि त्यानं मान थोडी पुढे केली.

तिसऱ्यांदा चंपतरावांनी दीर्घ श्वास घेतला आणि कपाळावर बोट टेकवलं. टिळा वाकडा आला, भुवईपर्यंत ओघळला. पण तो त्यांनी लावला होता.

मग त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि त्यांचे ओठ हलले. "जया, मी आता सगळ्याइच्या समोर सांगतो, आजपासून मी—"

"बाबा, नका सांगू," जयवंता म्हणाली. कठोरपणे नाही. "आज काही कबूल नका करू. आज एवढंच करा."

चंपतराव थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, पाठीवरचं पोतं कुणी खाली उतरवून घ्यावं तसा. त्यांनी अक्षता उचलल्या. निम्म्या बोटांतून गळल्या, निम्म्या मनोहरच्या डोक्यावर पडल्या.

त्यांची दारू त्या दिवशी सुटली नाही. होळीला ते पुन्हा पडले. मधुसूदन जाऊन घेऊन आला, आणि वाटेत दोघं परीक्षेबद्दल बोलले. लग्नाच्या आधी पंधरा दिवस त्यांनी घेतली नाही, नंतर घेतली, मग पावसाळ्यात कधीतरी परत सोडली. ते सगळं पुढं होत राहिलं. पण जयवंता घरात आहे म्हणून किंवा नाही म्हणून ते झालं, असं या घरात यापुढे कुणी म्हटलं नाही. ती स्वतःही हळूहळू म्हणेनाशी झाली.

त्या सकाळी मात्र नारळ फुटला, रुखमाबाईंनी सुनेची ओटी भरली, आणि शालिकराम गाडीची घाई करू लागले. चंपतराव पाटावरून उठले. उठताना त्यांनी मुलीला हळूच विचारलं, "नीट झालं का वं?"

जयवंतानं मनोहरकडे पाहिलं. त्याच्या नाकावर कुंकू, शर्टावर कुंकू, आणि त्याला त्याचं भानच नव्हतं.

"नीट नाही झालं बाबा," ती म्हणाली. "पण तुम्ही केलं."